अनुमानाचा रकाना

पाणपोईच्या रांजणाशी वाकताना पदराची पिन निसटली, आणि पदर सावरायच्या आधीच बाजूच्या लिंबाखालून आवाज आला, "हे अर्धंच कुणी सोडलं गं, लेकी?" शिवकांताच्या हातातलं ओगराळं तसंच राहिलं. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. दुष्काळाचं तिसरं वर्ष. उमरग्याच्या स्टँडवर असं पाणी सांडलं तर माणसं वळून बघत. आज मात्र बघत होती ती एकटी पुतळाबाई गोंदणारी. पुढ्यात फडकं, फडक्यावर सुयांची जुडी, काजळीची वाटी. तिनं मान तिरपी करून, सोनार दागिना बघतो तसं, शिवकांताच्या गळ्याकडं बघितलं. "खळगीत एक, दोन्ही हाडांखाली दोन, आन चौथा खाली चोळीच्या काठाशी. फूल न्हाय, तुळस न्हाय. नुसतं मोजमाप घेऊन निघून गेल्यावानी. कुठली बया हाय ही, अशी कामं अर्धी टाकून फिरतीया? गावली तर मला सांग, चांगली बोलते तिला." शिवकांताला हसू यायला हवं होतं. ती बया म्हणजे मुंबईच्या दवाखान्यातला चष्मा लावणारा एक तंत्रज्ञ होता, त्यानं फूटपट्टी लावून ते ठिपके टोचले होते आणि टोचताना तो क्रिकेटचा स्कोअर विचारत होता. पण पुतळाबाईचं पुढचं वाक्य आलं आणि हसू जागच्या जागी राहिलं. "सकाळी अजून एक पोर आलती, तिचं बी हेच. माय म्हणली, पुरं करून द्या, अर्धं गोंदण अंगावर ठिवू न्हाय. म्हणलं, बाजार उतरला की या. तुळस काढून देते. तू बी ये."

ती पोर म्हणजे मल्लम्मा. दुसरी कोण असणार? साऱ्या तालुक्यात हे चार ठिपके शिवकांताला माहीत असलेल्या दोनच अंगांवर होते. इथल्या महारुद्र डॉक्टरांनी मल्लम्माच्या आईला, चन्नम्माला, बजावून सांगितलेलं तिनं स्वतः ऐकलं होतं: त्या कातडीला सुई लावायची नाही, गरम पाणी नाही, खरखरीत कापडसुद्धा नाही, आतून भाजलेली असते, चिघळली तर भरता भरत नाही. चन्नम्मानं "व्हय जी, व्हय जी" म्हणून मान हलवली होती. शिवकांतानं पदर दोन्ही खांद्यांवरून गच्च ओढून घेतला, पिन लावली, आणि स्टँडवरच्या घड्याळात बघितलं. पावणेदोन. दोन वाजता डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत लिहिणारी मंडळी जमायची होती, त्यांत मल्लम्माही. बाजार उतरायला चार. म्हणजे सव्वादोन तास. सहकारी दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर ती रसायनतज्ज्ञ होती; नमुना किती वेळात नासतो हे तिला नेमकं सांगता यायचं. सव्वादोन तासांत एक पोर कशी टिकवायची, याचा तक्ता तिच्याजवळ नव्हता.

हमरस्त्यावर हैदराबादकडं जाणारे ट्रक ओळीनं उभे होते, त्यांच्या सावलीसावलीनं ती चालायला लागली. आज सकाळी केंद्रावर निम्मे कॅन रिकामे आले होते. जनावरं चारा डेपोवर, माणसं पाझर तलावाच्या कामावर. दूध यायचं कुठून? पण जे आलं ते तिनं रोजच्यासारखंच तपासलं होतं: आम्ल, त्यावर दूध, त्यावर अल्कोहोल, नळी फिरवायची, चरबीची पिवळी रेघ कुठं थांबते ते डोळ्याच्या पातळीत धरून वाचायचं. डोळा जरा वर गेला तरी आकडा चुकतो. हे तिला आवडायचं. वस्तू आहे तिथं आहे, आपण नीट बघायचं, एवढंच. गळ्यातली गाठ पहिल्यांदा हाताला लागली तेव्हाही ती अशीच बघत बसली होती, एकोणीस वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आई बोटांनी चाचपून म्हणायची, हरभऱ्याएवढी हाय. पंधरवड्यानं म्हणाली, बोराएवढी. आणि सुपारीएवढी झाली तेव्हा आईनं माप सांगायचं बंद केलं. शिवकांतानं मात्र प्रॅक्टिकलच्या वहीत तारीखवार सेंटिमीटर लिहून ठेवले होते. मुंबईत डॉक्टरांनी ती वही हातात घेऊन, "कुणी लिहिलं हे?" असं विचारलं होतं आणि अप्पांनी, तिच्या वडिलांनी, गुरुसिद्धप्पांनी, मान खाली घालून "माझ्या लेकीनं" असं सांगितलं होतं. मान खाली, पण आवाज वर. तो आवाज तिला अजून आठवतो. तेच अप्पा गावी परतल्यावर, "शिवकांता मुंबईला कोर्सला गेली होती" असं लोकांना सांगत राहिले. वर्ष वाया जाऊनही ती पदवी पास झाली तेव्हा मठात नारळ देऊन तिचा सत्कार झाला. त्याआधी ती जे पास झाली होती, त्याचा नारळ कुणी दिला नाही. देणार कसा? त्या आजाराचं नावसुद्धा घरात कुणी उच्चारत नव्हतं. "ते" म्हणत. "ते झालं होतं तेव्हा."

लिहायला लावलं ते वॉर्डात येणाऱ्या समाजसेविका बाईंनी. दुपारी जेवणं झाली की तरुण पेशंटांच्या खाटांवर कोरे कागद ठेवत त्या फिरायच्या. पंधरा मिनिटं लिहा, हात थांबवू नका, शुद्धलेखन बघू नका, मी वाचणार नाही, घडी घालून उशीखाली ठेवा. शेजारच्या खाटेवरची मुलगी लिहिताना हमसून रडायची. शिवकांताला ते जरा अघळपघळ वाटलं होतं. तिनं पट्टीनं कागदावर दोन उभ्या रेघा मारल्या आणि वर लिहिलं: प्रयोग, निरीक्षण, अनुमान. प्रयोग: कोबाल्टच्या किरणांचा शेक, सहावा. निरीक्षण: कालावधी दोन मिनिटं चाळीस सेकंद; गिळताना त्रास; जिभेला पितळेची चव. अनुमान हा रकाना कोरा. एका नमुन्यावरून अनुमान काढायचं नसतं, हे प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी सरांनी शिकवलं होतं. तरी तिनं हेही टिपलं होतं, की लिहायला लागल्यापासून विसाव्या दिवशी झोप दोन तासांवरून पाचांवर गेली. टिपलं आणि पुढं गेली. बाकीचे नमुने मिळायला तीन वर्षं लागली. महारुद्र डॉक्टरांकडं रक्त तपासायला रांगेत बसलेली असताना कुबडी मांडीवर आडवी टाकून बसलेला तामलवाडीचा बाबू भेटला, कॉलेजात शिकणारा, एक पाय गुडघ्यावर काढलेला. मग नवऱ्यानं माहेरी आणून सोडलेली सरुबाई. मग एक एक. सलाइनच्या बाटल्यांची खोकी ठेवायची मागची खोली डॉक्टरांनी दर दुसऱ्या बाजाराला दोन तास दिली. शिवकांतानं वह्या आणल्या, आणि सगळ्या वह्यांत स्वतः पट्टीनं रेघा मारल्या. सात महिने झाले. बाबू चेष्टा करायचा, "अक्का, तुमचं ते लॅक्टोमीटर आमच्या वह्यांत पण बुडवणार काय? बगा, पाणी किती निघतंय." पण लिहायचा. सरुबाईनं गेल्या खेपेला सासूला आठ पानी पत्र लिहिलं, टपालात टाकायचं नाही असं ठरवून, आणि परत जाताना ती दारात उभी राहून पहिल्यांदा खळखळून हसली. शिवकांता त्या हसण्याची नोंद करायला विसरली. नुसती बघत राहिली. छातीत काहीतरी भरून आलं होतं, कॅन भरत आला की आवाज कसा बदलतो तसं.

फक्त मल्लम्मा लिहीत नव्हती. सोळा वर्षांची, केस नुकते बोटभर आलेले, ते झाकायला डोक्याला गुलाबी फडकं. शेक संपवून येऊन तीन महिने झाले होते आणि तेव्हापासून तिची बोली "व्हय" आणि "न्हाय" यापलीकडं गेली नव्हती. चौथीपर्यंत शिकलेली, अक्षरं काढता यायची. चार बैठका ती वही उघडून बसली, निरीक्षणाच्या रकान्यावर बोट ठेवून, आणि चारी वेळा वही कोरी मिटली. शिवकांतानं तिच्यासाठी रेघा जरा रुंद मारून बघितल्या होत्या.

खोलीच्या दाराशी चन्नम्मा बसली होती. पाझर तलावावर खडी फोडून हातांची बोटं जाड झालेली, अंगठ्याला चिंधी. शिवकांतानं चप्पल काढता काढताच विचारलं, "मावशी, पुतळाबाईकडं गेला होता तुम्ही?"

चन्नम्मा दचकली नाही. "गेलते. का?"

"डॉक्टर काय म्हणाले होते? त्या जागेला सुई लावायची नाही."

"अन् ते गोंदलं कुणी?" चन्नम्मानं हात नाचवला. "त्यांनीच ना? त्यांची सुई चालती, पुतळाबाईची न्हाय? ह्यो कुठला न्याय, बाई?"

"ती शेक द्यायच्या आधीची गोष्ट. आता कातडी भाजलीय आतून. पिकलं तर भरणार नाही, मावशी. मी खोटं सांगत नाही."

चन्नम्मानं अंगठ्याची चिंधी घट्ट केली. मग आवाज उतरवून म्हणाली, "तुम्ही शिकल्याल्या. तुमचा पदर दोन्ही खांद्यांवरनं असतोय, ऐन उन्हात. म्या बगते की. तुम्हाला झाकून चालतंय. ही पोर तलावावर पाटी उचलणार, तिनं काय झाकावं? बायका इचारत्यात, ह्ये काय गं, ह्ये काय गं. अर्धं हाय म्हणून इचारत्यात. तुळस काढली की कोण इचारतंय? न्हाय म्हणताय तर न्हाय गोंदत. पर तिला सांगायला काहीतरी द्या तुम्ही. बायकांनी इचारल्यावर काय सांगायचं, त्ये द्या."

शिवकांता आत गेली. चन्नम्मानं सुईचं ऐकलं होतं, म्हणजे काम झालं होतं. दोन-चार वाक्यांत, घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं व्हायच्या आत. पण झालं नव्हतं. पदराची पिन मानेला टोचत होती. चार वर्षं ती लावायची, काढायची, आणि ती टोचते हे तिनं कुठल्याही रकान्यात लिहिलेलं नव्हतं. पुतळाबाईला वाटलं गोंदण अर्धं राहिलं. चन्नम्मालाही तेच वाटतं. आणि आपण? आपण तर त्याला गोंदणही म्हणत नाही, खूण म्हणतो, शेकाच्या क्षेत्राची सीमारेषा म्हणतो, आणि झाकतो. दिसलं की ते अर्धं वाटतं, म्हणून झाकतो. ही गोष्ट तिला खोलीत पाऊल टाकता टाकता कळली आणि तिला स्वतःचाच राग आला. एवढं साधं निरीक्षण, आणि डोळा पातळीत नव्हता.

बाबू, सरुबाई खाली मान घालून लिहीत होते. मल्लम्मा भिंतीशी, खोक्याला टेकून, कोऱ्या पानावर बोट ठेवून. शिवकांता तिच्यासमोर फरशीवर बसली. नेहमी ती खुर्चीवर बसायची. काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. पिशवीतून तिनं आपली जुनी वही काढली, वॉर्डातले ते कागद शिवून केलेली, कडा पिवळ्या पडलेली, आणि मल्लम्माच्या वहीवर ठेवली. ही वही तिनं अप्पांनाही दाखवली नव्हती.

मल्लम्मानं आधी वहीकडं, मग तिच्याकडं बघितलं. "तुमची हाय?"

"माझी. वाचू?"

तिनं वाचलं. हळू, पण बाबूची पेन्सिल थांबली एवढ्या आवाजात. प्रयोग, शेक अकरावा. निरीक्षण: तंत्रज्ञ बाहेर गेले, दार बंद, दिवा लाल. कालावधी दोन मिनिटं चाळीस सेकंद. डावा खांदा थंड. मशीनचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा पण बारीक. दार उघडलं. पाणी दोन घोट. ती पान उलटणार तेवढ्यात मल्लम्माचं बोट पानावर आलं, आणि तिसऱ्या रकान्यात थांबलं.

"हितं काय लिवलं न्हाय?"

"नाही. ते अनुमान. म्हणजे, यातून काय कळलं ते."

"मग कळलं न्हाय?"

बाबू हसला आणि लगेच खोकला. शिवकांता पानाकडं बघत राहिली. अकराव्या शेकासमोर कोरं, बाराव्यासमोर कोरं, पट्टीनं मारलेल्या रेघेच्या उजवीकडं चार वर्षांचा कोरा कागद.

"तुमास्नी भ्या वाटलं व्हतं का, अक्का?"

"हो."

"ते कुठं लिवलंय?"

 खोलीत फिनेलचा आणि पुठ्ठ्याचा वास होता आणि दूरवर ट्रकचा भोंगा. शिवकांताला एकाएकी ती खोली आठवली, नोंदीतली नव्हे, खरी. खाटेवर आडवं पाडून, मान वाकडी करून, वाळूच्या पिशव्या दोन्हीकडून लावून सगळे निघून गेले होते, आणि ते वीतभर जाडीचं दार कसलाच आवाज न करता मिटत आलं होतं. आवाज न करता. आदळलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं आकडे मोजायला सुरुवात केली होती, एक, दोन, तीन, कारण मोजलं नाही तर ती ओरडली असती. दोन मिनिटं चाळीस सेकंद हा आकडा घड्याळातला नव्हताच. तिनं तो तोंडानं मोजलेला होता, एकशे साठपर्यंत. तिनं मानेशी हात नेला, पिन काढली, आणि पदर खांद्यावरून खाली येऊ दिला. "हलायचं नाही म्हणाले होते," ती म्हणाली, "म्हणून मी मोजत होते. रडले असते तर मान हलली असती."

मल्लम्मा तिच्या गळ्याकडं बघत होती. मग तिनं स्वतःच्या खळगीवर बोट ठेवलं, आणि ते बोट लांब करून शिवकांताच्या खळगीवर. बोट गार होतं.

"रेघंच्या भाईर गेलं तर चालंल का?" तिनं विचारलं.

"कसंही चालेल."

ती लिहायला लागली. पेन्सिल मुठीत धरून, ओठ दाताखाली घेऊन, तिन्ही रकान्यांवरून आडवी, नांगराचं तास जातं तशी. अक्षरं मोठी, एका ओळीत चार शब्द मावत. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. सरुबाईनं आपलं संपवून वही मिटली, ती हळूच सरकून मल्लम्माच्या बाजूला येऊन बसली. कुणी कुणाचं वाचायचं नाही हा नियम होता, आणि तो शिवकांतानंच केला होता. पण लिहून झाल्यावर मल्लम्मानं वही उलटी फिरवून तिच्यापुढं सारली.

*म्या पाटावर निजले. डाक्टर पळाला. शिस्टर पळाली. अव्वा बी भाईर पळाली. दार लाऊन घेतलं. सगळी भेऊन पळाली. मशीन लई मोठं. त्येच्याम्होरं म्या एकली. म्या न्हाय पळाले. पंचवीस दिस गेले पंचवीस दिस न्हाय पळाले.*

शिवकांतानं ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा तिच्यातल्या रसायनतज्ज्ञानं दुरुस्ती केली: पळाले नाहीत, किरणांपासून बचाव म्हणून बाहेर जातात. दुसऱ्यांदा वाचताना ती दुरुस्ती गळून पडली. तांत्रिक कारण काहीही असो. निरीक्षण बरोबर होतं. ज्याच्यापुढं जाणते लोक उभे राहत नाहीत, त्याच्यापुढं ही पोर पंचवीस दिवस उभी राहिली होती. आणि तीसुद्धा. तीस दिवस. ते चार ठिपके म्हणजे ती जिथं राहिली त्या जागेचे चार कोपरे होते. शेताच्या बांधाला दगड असतात तसे. तिचे डोळे भरून आले आणि ते मल्लम्मानं बघितलं, आणि तिनं ते बघू दिलं. "आवाज गिरणीवानीच व्हता," मल्लम्मा म्हणाली. "तुम्ही बरोबर लिवलंय." शाबासकी दिल्यासारखं म्हणाली. आयुष्यात शिवकांताला मिळालेल्या कुठल्याही गुणपत्रिकेनं तिला इतकं ताठ बसवलं नव्हतं.

"अक्का," बाबूनं कुबडी उचलता उचलता म्हटलं, "पुढच्या येळी रेघा नका मारू. पट्टी इकून टाका."

चार वाजता बाजार उतरत होता. उरलेल्या वांग्यांचे ढीग, चाऱ्याच्या पेंढ्या, धूळ. चन्नम्माला वही वाचता येत नव्हती. सरुबाईनं तिला दारातच वाचून दाखवली होती. "अव्वा बी भाईर पळाली" या ओळीला चन्नम्मानं तोंडावर पदर घेतला, आणि मग शेवटपर्यंत ऐकून पदर काढला.  स्टँडकडं चालताना तिनं लेकीच्या डोक्यावरचं फडकं नुसतं सारखं केलं, आणि चार पावलांवर तेच फडकं काढून आपल्या कमरेला खोचलं. मल्लम्माचे बोटभर केस उन्हात उघडे झाले. शिवकांता त्यांच्या मागोमाग येत होती. तिची पिन खोलीत फरशीवरच राहिली होती, आणि वाऱ्यानं पदर सरकला तरी ती तो एका खांद्यावरच ठेवत होती. रस्त्यावरच्या दोघीतिघींनी बघितलं. बघू दे. छातीत धडधडत होतं ते तिनं ऐकलं, मोजलं नाही.

पुतळाबाई सुया गुंडाळायच्या बेतात होती. "आलात व्हय? म्हणलं न्हाय येत आता. बस पोरी, म्होरं ये. तुळस काढू का मोर?"

चन्नम्मानं तोंड उघडलं, पण तिच्याआधी मल्लम्मा बोलली. स्टँडवरच्या गलक्यात, कंडक्टरच्या शिट्टीच्या वर. "काय बी न्हाय काढायचं. ह्ये पुरं हाय."

"पुरं?" पुतळाबाईला हसू आलं. "चार ठिपके, आन पुरं? मला शिकवतीस? कसलं गोंदण म्हणायचं मग ह्ये?"

"म्या पळाले न्हाय, त्याचं हाय."

पुतळाबाईला काही कळलं नाही, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पण पोरीच्या उभं राहण्यात काहीतरी होतं. म्हातारीनं सुयांची जुडी खाली ठेवली. मग तिची नजर मागं उभ्या असलेल्या शिवकांताकडं गेली, उघड्या गळ्यावर ठरली. "आन तुझं गं, लेकी? तुझं तरी पुरं करायचंय का?"

"माझंही पुरं आहे, आजी," शिवकांता म्हणाली.